नागवेणीचे केस विंचरणारा वीर

एका राज्यात, जिथे समुद्र रोज सकाळी राजवाड्याच्या पायऱ्या धुऊन जाई, तिथे एक न्हावी राहत होता. कथा राजापासून सुरू करायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण या कथेतल्या राजाला दाराबाहेर थोडे थांबवले तर काही बिघडत नाही. तो येईल तेव्हा पुरेसा त्रास देणारच आहे.

न्हाव्याचे नाव रायाजी. एके सकाळी तो किनाऱ्यावर वस्तऱ्याला धार लावत बसला असता लाटांवर हेलकावे खात एक लाकडी पेटी आली. झाकण उघडले तर आत एक तरुण बाई, आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल. बाईचे नाव कमळजा. ती परदेशच्या राजाची लेक. तिच्या बापाला कुणा ज्योतिषाने सांगितले की नातू तुझ्या गादीवर बसेल, तर बापाने ज्योतिषाला हाकलायचे सोडून लेकीलाच समुद्रात सोडले. रायाजीने पेटीत डोकावून एवढेच विचारले, "ताई, जेवलात का?" त्या दिवसापासून तो कमळजेचा भाऊ झाला आणि मुलाचा मामा झाला.

दर्याने दिला म्हणून मुलाचे नाव दर्याजी ठेवले. तो मामाकडून वस्तरा शिकला आणि आईकडून फणी, कारण कमळजा गावातल्या बायकांच्या वेण्या घालून देत असे. तिच्या हातची वेणी घातल्याशिवाय त्या गावात नवरी बोहल्यावर चढत नव्हती. अशी वीस वर्षे गेली. दर्याजी उंचापुरा झाला, मामाचा हात म्हातारपणाने थरथरू लागला, आणि राजाची दाढी करायचे काम भाच्याकडे आले.

आता राजाला आत घेऊ. त्याचे नाव चंडप्रताप, आणि खरे पाहता तो राजा नव्हताच, प्रधान होता. राज्याची धनीण राणी मंदाकिनीदेवी. बारा वर्षांपूर्वी ती तीर्थयात्रेला गेली, ती परत आली नाही. निदान चंडप्रताप तरी तसे सांगत असे. राज्य ओस पडू नये म्हणून तो गादीवर बसला, आणि गादी मऊ निघाली म्हणून उठलाच नाही.

एके दिवशी चंडप्रतापाच्या गळ्याशी वस्तरा असताना तो म्हणाला, "नाभिका, येत्या पौर्णिमेला मी सातवे लग्न करणार आहे. तुझ्या आईशी."

वस्तरा जागच्या जागी थांबला.

"आईने होकार दिला, महाराज?"

"तिला विचारलेले नाही. राजे विचारत नसतात, कळवत असतात."

माझ्यासारखा असता तर त्याच क्षणी कथा संपली असती. पण मामाची शिकवण अशी होती, की जो तुझ्यापुढे मान उघडी करतो, त्याची मान तुझ्या स्वाधीन आहे, मग तो कसाही असो. दर्याजीने उरलेली दाढी केली, तुरटी फिरवली, आरसा दाखवला, वस्तरा मिटून धोकटीत ठेवला, आणि मग हात जोडून म्हणाला, "माझी हरकत आहे."

चंडप्रतापाचा चेहरा लाल झाला. पण त्या राज्यात राणीने केलेला एक जुना कायदा होता. राजाच्या हुकमाला कुणी हरकत घेतली, तर राजाने त्याला एक कामगिरी सांगावी. ती पार पडली तर हरकत मानावी, नाही पडली तर हुकूम चालावा. भर दरबारात हा कायदा मोडणे चंडप्रतापालाही जमेना. त्याने मिशीवरून बोट फिरवले.

"सात डोंगरांपलीकडे नागवेणी राहते. तिच्या डोक्यावर केस नाहीत, जिवंत साप आहेत. तिच्या डोळ्यांत जो पाहील तो दगड होतो. पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत तिचे मस्तक आण. आणलेस तर तुझी आई मोकळी."

"आजवर किती जण गेले, महाराज?"

"शंभर वीर गेले."

"आणि परत?"

"तू बोलतोस फार," राजा म्हणाला.

कमळजेने ऐकले तेव्हा ती रडली नाही. रडायचे तिने पेटीतच संपवले होते. तिने मुलाला आपली शिसवी फणी दिली आणि तेलाची कुपी दिली.

"आई, तिथे तलवार लागेल," दर्याजी म्हणाला.

"तलवार तुला चालवता येते का?"

"नाही."

"मग जे येते ते घेऊन जा," ती म्हणाली. "आणि दर्या, माझ्यासाठी मरू नकोस. मी त्या राजाला पुरून उरेन."

ती असे म्हणाली खरी, पण तिचा हात त्याच्या खांद्यावरून निघेना. दर्याजीला ते कळले, आणि पौर्णिमेला नऊच दिवस होते हेही कळले. धोकटी काखोटीला मारून तो निघाला.

पहिल्या डोंगराच्या माथ्यावर तीन म्हाताऱ्या बहिणी राहत. तिघींत मिळून डोळा एक आणि दात एक. पहिली म्हणे डोळा दे, दुसरी म्हणे आत्ताच तर घेतला, तिसरी तेवढ्यात दात पळवी. शंभर वर्षे हे भांडण चालू होते आणि जगातल्या सगळ्या वाटा ठाऊक असूनही त्यांना एक वाट सांगायला सवड नव्हती.

"आज्यांनो, केस विंचरून घेता का?" दर्याजीने विचारले.

भांडण थांबले. त्यांच्या केसांत काटक्या होत्या, वाळली पाने होती, आणि मधलीच्या केसांत तर एक सरडा कुटुंबासह नांदत होता.

"तिघींचेही विंचरतो. जिचे विंचरीन तिच्याकडे डोळा, कारण आरशात तिलाच पाहायचे आहे. बाकीच्या दोघींनी पाळीची वाट पाहायची. सरड्याला आधी उठवतो."

झाले तसेच. दुपारपर्यंत तिघींच्या पाठीवर पांढऱ्या स्वच्छ वेण्या रुळू लागल्या. थोरली आरशात इतका वेळ पाहत राहिली, की धाकटीने शेवटी तिला चिमटा काढला. मग तिघी पाळीपाळीने बोलल्या. दात एकच होता, त्यामुळे तसेच बोलावे लागे.

"नागवेणीच्या गुहेला समोरून एकच वाट आहे, आणि ती दगडांनी भरली आहे."

"मागची बाजू उभा कडा आहे. तिथे उडूनच जावे लागेल. उडत्या वहाणा आकाशधर राक्षसाकडे आहेत."

"तिच्या डोळ्यांत थेट पाहू नकोस. आरशातल्या डोळ्यांना विष नसते."

आकाशधर तिथून तीन दिवसांच्या वाटेवर उभा होता. जगाच्या आरंभापासून त्याने दोन्ही हातांनी आभाळ उचलून धरलेले. त्याची दाढी गुडघ्यांपर्यंत आली होती. तिच्यात अकरा जातींचे पक्षी घरटी करून राहत, आणि ती खाजत असे. हात मोकळे नाहीत, आणि दाढी खाजते आहे, अशा स्थितीत हजारो वर्षे काढणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याने मनात आणून पाहावे.

"आजोबा, दाढी करू का?" दर्याजीने खालून हाक मारली.

राक्षसाच्या डोळ्यांत पाणी आले. ते खाली पडले आणि दर्याजी नखशिखांत भिजला.

"बाळा, कर. पण मला गुदगुल्या फार होतात. मी हसलो तर आभाळ हलेल."

दर्याजीने पाण्याने भरलेली खोल दरी पाहून तिथे रिठ्याचा फेस केला आणि दोन दिवस वस्तरा चालवला. गाल निभावले. हनुवटीखाली मात्र राक्षसाला राहवले नाही. तो एकदाच खुदकन हसला, आभाळ डगमगले आणि चारदोन चांदण्या सांडल्या. त्या भागातल्या मेंढपाळांना त्या अजून गवतात सापडतात, असे म्हणतात.

काम झाल्यावर राक्षसाने डावा पाय उचलला. त्याखाली पंखांच्या वहाणा होत्या.

"घेऊन जा. मला कुठे जायचे आहे?" तो म्हणाला. बोलता बोलता त्याने गाल खांद्यावर घासला आणि इतका सुखावला की त्या देशात त्या वर्षी हवा अतिशय चांगली राहिली.

दाढीतले पक्षी उठून दुसऱ्या झाडांवर गेले. एक पिंगळा मात्र गेला नाही. तो दर्याजीच्या धोकटीवर येऊन बसला आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "माझे घर तू कापलेस. आता मी तुझ्याकडे राहणार."

पिंगळ्याला भविष्य कळते अशी ख्याती आहे. यालाही कळे, पण तो ते घडून गेल्यावर सांगत असे. "हे होणार, मला ठाऊक होते," म्हणे. दर्याजीने त्याला नेले, कारण एकट्याने उडायची त्याला भीती वाटत होती, आणि दिवसा डोळे मिटून बसणारा सोबती नागवेणीच्या गुहेत कामाचाच होता.

पौर्णिमेला तीन दिवस उरले असता ते नागवेणीच्या डोंगरावर पोचले. वरून दर्याजीने गुहेपुढचे अंगण पाहिले. शंभर दगडी वीर ओळीने उभे होते. प्रत्येकाची तलवार उपसलेली, छाती पुढे, आणि तोंड उघडे.

"तोंडे का उघडी आहेत?" त्याने विचारले.

"वीराने पाठीमागून वार करायचा नसतो," पिंगळा म्हणाला. "समोर उभे राहायचे, डोळ्याला डोळा भिडवायचा, आणि आधी आपले नाव, गाव, कुळ सांगायचे. कुणी कुळापर्यंत पोचला, कुणी गावापर्यंत. तो मधला लठ्ठ नुसते 'मी' म्हणाला होता."

शंभर माणसे एकामागून एक आली आणि शंभर जणांनी तीच चूक केली, कारण ती चूक न करणे त्यांच्या कुळात कमीपणाचे होते. दर्याजीला कुळच नव्हते. शिवाय त्याच्या धंद्यात कुणी समोर उभे राहत नाही. न्हावी गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभा राहतो आणि तोंड आरशात पाहतो. तो कड्याच्या बाजूने गुहेच्या छतातल्या भगदाडातून आत उतरला. समोर, दाराकडे तोंड करून, एक बाई बसली होती. तिच्या डोक्यावर सापांचे भले मोठे भेंडोळे फुसफुसत होते.

"मागे कोण आहे?" तिने न वळता विचारले.

"न्हावी."

"समोर ये."

"आमच्यात समोर येत नाहीत, बाईसाहेब. आपण बसा. किती दिवसांत विंचरले नाही?"

तिने बोटांवर मोजले. मग म्हणाली, "बारा वर्षे. पण हे चावतात."

"गुंता झाला की केस कुणाचेही चावतात," दर्याजी म्हणाला. आवाज त्याने दुकानातलाच ठेवला.

त्याने आरसा एका खडकाला टेकवून ठेवला आणि तिला डोळे मिटून घ्यायला सांगितले. मग कुपीतले तेल हातावर घेतले. आता केसांचा गुंता सोडवायची एक रीत आहे, आणि ती प्रत्येक आईला ठाऊक असते. मुळाकडून फणी ओढली तर केस तुटतात आणि माणूस ओरडते. सुरुवात टोकाकडून करायची. पण या केसांचे टोक म्हणजे सापाचे तोंड. दर्याजीने एकवार डोळे मिटले, आईला आठवले, आणि पहिल्या सापाच्या डोक्यावर तेलाचे बोट फिरवले. सापाने फणीला दंश केला. फणीचे दोन दात गेले.

"राहू दे, नवा आहेस ना," दर्याजी सापाला म्हणाला, आणि बोलत राहिला. न्हाव्याने बोलायचे असते. गप्प न्हाव्याच्या हाती वस्तरा पाहून कुणालाही घाम फुटेल. त्याने सापांना म्हाताऱ्यांचा सरडा सांगितला, राक्षसाच्या गुदगुल्या सांगितल्या, गावातल्या मासळीचे भाव सांगितले. एकेक साप सैल पडू लागला. शेपटीत शेपटी अडकली होती, मानेला मानेची गाठ बसली होती, आणि बारा वर्षांच्या त्या ओढाताणीने बिचारे कावले होते. जो सुटे तो सरळ होऊन निजे. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मे डोके झाले होते, आणि नागवेणी बसल्या बसल्या मान पुढे टाकून झोपली होती.

तिची मान उघडी होती. धोकटीत वस्तरा होता.

समुद्रापलीकडे यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, देश आहे. तिथेही ही कथा सांगतात, आणि तिथला वीर या ठिकाणी ढालीत प्रतिबिंब पाहून मस्तक उडवतो आणि पिशवीत घालून घरी आणतो. मी त्यांना नावे ठेवत नाही. ज्याच्या हाती तलवार, तो तलवारीची कथा सांगणार. आणि खरे सांगायचे तर दर्याजीचा हातही वस्तऱ्याकडे गेला. आईची सुटका तिथे, एका वीतभर अंतरावर होती. एक हात फिरवला की आई मोकळी. त्याने वस्तरा उघडला. त्याच्या डोळ्यांपुढे कमळजा मुंडावळ्या बांधून उभी राहिली आणि त्याला हुंदका आला. हुंदका आला आणि तरीही हात पुढे जाईना, कारण ती झोपली होती ती त्याच्या भरवशावर. त्याने वस्तरा मिटला.

"थांबलास का?" नागवेणी म्हणाली. ती जागी होती. "वस्तरा उघडल्याचा आवाज मी ऐकला."

"बाईसाहेब, मी आपले मस्तक न्यायला आलो होतो. नाही नेले तर राजा माझ्या आईशी बळजबरीने लग्न करणार आहे."

"मग नेत का नाहीस?"

"अजून विंचरून झाले नाही," दर्याजी म्हणाला, आणि बाही डोळ्यांवरून फिरवून त्याने पुन्हा फणी घेतली.

आणखी चार साप सरळ झाले. शेवटी दर्याजीने, गिऱ्हाइकाला विचारतात तसे, सहज विचारले, "आपले खरे नाव काय?"

"बारा वर्षांत हे कुणी विचारले नाही. जो तो स्वतःचेच सांगायचा. माझे नाव मंदाकिनी."

फणी थांबली.

"तीर्थयात्रेला गेलेल्या राणीसाहेब?"

"प्रधानाने असे सांगितले का? त्याने एका मांत्रिकाला आणले. मांत्रिक म्हणाला, हिच्या केसांचे साप होतील, आणि हिच्या केसांना कुणाचा मायेचा हात लागला तरच ही सुटेल. आणि दोघे हसले. म्हणाले, सापांना मायेचा हात कोण लावणार."

दर्याजीने हातावर आणखी तेल घेतले. त्यानंतर त्याचे हात अधिक हळुवार चालू लागले. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी शेवटचा साप सरळ झाला. दर्याजीने सारे साप एकत्र घेऊन त्यांची पाचपेडी वेणी घालायला घेतली, आणि पेडामागून पेड पडू लागला तसतसे हाताला खवले लागेनासे झाले. तळाशी गाठ मारली तेव्हा हातात काळेभोर, लांबसडक केस होते.

"झाले. आता आरसा पाहा."

"नाही," ती म्हणाली, आणि तिने डोळे गच्च मिटले. "केस परत आले असतील. डोळ्यांचे काय ठाऊक? मी स्वतःला पाहिले आणि दगड झाले तर?"

आरशातल्या डोळ्यांना विष नसते, असे दर्याजीने सांगून पाहिले, पण तिचे डोळे मिटलेलेच राहिले. दर्याजीने आरसा हाती घेतला, आणि परत खाली ठेवला.

"बाईसाहेब, वस्तऱ्याची धार आम्ही आधी आपल्या अंगठ्यावर पाहतो, मग दुसऱ्याच्या गालाला लावतो."

असे म्हणून तो तिच्या पाठीमागून निघाला, वळसा घालून तिच्यासमोर आला, आणि जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या पुढ्यात बसला.

"डोळे उघडा."

तिने उघडले. दर्याजीला वाटले आपले पाय गार पडले, आणि ते खरेच गार पडले होते, पण भीतीने. समोर दोन साधे तपकिरी डोळे होते. बारा वर्षांत ते पाहून कुणी माणूस राहिला नव्हता, आणि त्यांत पाणी भरले होते.

"मला ठाऊक होते," पिंगळा म्हणाला.

त्याच क्षणी बाहेर गलका उठला. शंभर दगडी वीर जिवंत झाले आणि जिथे अडले होते तिथून बोलू लागले. कुणी उरलेले गाव सांगितले, कुणी कुळ सांगितले, आणि मधला लठ्ठ "मी" म्हणून पुढचे विसरला. राणी मंदाकिनी दारात आली तेव्हा सगळ्यांनी तलवारी खाली केल्या. तिने त्यांना मागून सावकाश पायी यायला सांगितले, कारण वेळ उरला नव्हता. सूर्य उतरणीला लागला होता, आणि वहाणांचा जोड एकच होता. उजवी दर्याजीने घातली, डावी राणीने. एकमेकांचा हात धरून, लंगडी घालत, ते आभाळातून निघाले. पिंगळा पुढे उडत होता आणि डोळे मिटून वाट सांगत होता, त्यामुळे ते दोनदा चुकले.

इकडे राजवाड्यात मांडव पडला होता. सकाळीच पालखी धाडून कमळजेला आणले होते, आणि सूर्यास्ताची वाट न पाहता चंडप्रतापाने दुपारचाच मुहूर्त धरला होता. पण वेणी झाल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, ही त्या गावची रीत. आणि वेणी घालणारी हीच. कमळजेने सकाळपासून सात वेळा वेणी घातली आणि सात वेळा, मनासारखी झाली नाही म्हणून, उकलली. दारात भटजी घाम पुसत होते. आठवी वेणी चालू असता, सूर्य अजून मावळायचा असताना, खिडकीतून दोन माणसे आणि एक पक्षी आत येऊन पडले.

कमळजेने मुलाकडे पाहिले. त्याच्या हातात पिशवी नव्हती.

"आई, मस्तक आणले नाही," दर्याजी म्हणाला. त्याची मान खाली होती. "माझ्याने झाले नाही."

"बरे झाले," कमळजा म्हणाली. तिने त्याला जवळ ओढले आणि मग मात्र ती रडली. "दर्या, दुसऱ्याची मान कापून आणली असतीस, तर मला सुटल्यासारखे वाटले असते का?"

राणी मंदाकिनी कपडे झटकत उठली. तिने आपण कोण ते सांगितले आणि हात पुढे केला.

"बाई, तो शालू मला द्या. प्रधानजींना माझे मस्तक पाहायचे आहे. ते मी स्वतःच घेऊन जाते."

मांडवात वाजंत्री थांबली. अंतरपाट धरला होता. पाटावर चंडप्रताप नटून उभा होता. डोकीवरून शालू घेतलेली नवरी पलीकडे येऊन उभी राहिली. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, भटजींनी अंतरपाट दूर केला, आणि नवरीने शालू मागे सारला.

चंडप्रतापाने थेट तिच्या डोळ्यांत पाहिले. ती कोण हे त्याने ओळखले, आणि तिच्या डोळ्यांत पाहिल्यावर काय होते तेही त्याला आठवले. हातातली माळ तशीच वर धरून तो ताठ उभा राहिला.

"प्रधानजी," राणी म्हणाली, "बारा वर्षे राज्य सांभाळलेत. दमला असाल. आता मी आले आहे."

प्रधान हलेना. ओठ न हलवता तो पुटपुटला, "मी गेलो. मी दगड झालो."

"महाराज, आपण बोलता आहात," भटजी म्हणाले.

"दगड बोलतात कधीकधी," प्रधान म्हणाला.

त्याला खूप समजावले. राजवैद्याने नाडी पाहिली. पिंगळ्याने नाकावर बसून शिंक काढवली. तो शिंकला आणि म्हणाला, "दगडांना थंडी बाधते." शेवटी चौघांनी उचलून त्याला राजवाड्याच्या बागेत, गुलाबांच्या वाफ्याशी उभा केला. तिथे तो सुखात आहे. जेवण समोर ठेवून सगळे दुसरीकडे पाहू लागले की ताट रिकामे होते. कावळे त्याच्या पागोट्यावर बसतात, आणि उडवायला हात उचलावा लागेल म्हणून तो त्यांना बसू देतो.

राणी गादीवर बसली. पंधरा दिवसांनी शंभर वीर धापा टाकत पोचले, आणि त्यांच्या शंभर घरी दिवाळी झाली. मांत्रिकाने हे ऐकले आणि त्याने देश सोडला. कुठे गेला ते फक्त पिंगळ्याला ठाऊक आहे, म्हणजे तो सापडल्यावर कळेल.

पण हे सारे नंतरचे. त्या संध्याकाळी, प्रधानाला उचलून नेल्यावर, राणीने भर मांडवात दर्याजीची हरकत मान्य केली. मग ती कमळजेकडे वळली.

"तुमच्या मुलाने मला माझे नाव परत दिले. मागाल ते देईन. राजवाड्यात राहता का?"

"नाही, राणीसाहेब. मला घरी जायचे आहे."

"पालखी सांगते."

"पालखीने मी सकाळी आले," कमळजा म्हणाली. "आता चालत जाईन. भर रस्त्याने जाईन. मी माझ्या मनाने जाते आहे, हे लोकांना दिसू दे."

राणी पायरीपर्यंत पोचवायला आली. कमळजा मधोमध चालली, एका बाजूला लेक, एका बाजूला कापऱ्या हाताचा रायाजी. रस्त्यावर दोन्हीकडे माणसे उभी होती. कुणी तिला वाट दाखवली नाही, कुणी अडवली नाही. ती थांबली तिथे सगळे थांबले, निघाली तेव्हा निघाले. एका ओळखीच्या बाईशी ती चांगली घटकाभर बोलत उभी राहिली, आणि दर्याजी आणि रायाजी घाई न करता वाट पाहत राहिले.

कमळजा आपल्या पायांनी आपल्या घरी पोचली. तुमच्याआमच्या घरच्या लेकीबाळींनाही तसेच पोचता येवो, आणि ज्यांनी ही कथा इथवर वाचली, त्यांच्या केसांत गुंता न होवो.